विश्लेषण : आत्मकथन आणि लेखकाच्या मुलाखती… निबंधात सांगड कशी घालावी?

आत्मकथन एकदा छापले जाते, लेखक मात्र पुढेही बोलत राहतो. विद्यार्थ्याच्या निबंधात या दोन्हींना न्याय कसा द्यायचा? बांद्यासारख्या गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे यासाठी उत्तम उदाहरण ठरते.

‘आयदान’च का?

ऊर्मिला पवार रत्नागिरी जिल्ह्यातल्या. ‘आयदान’ 2003 मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू. वडिलांच्या निधनानंतर आईने ही आयदाने विणून घर चालवले. सूप, रोवळी या वस्तू बांद्याच्या विद्यार्थ्याला शब्दकोशात शोधाव्या लागत नाहीत. पण त्या कोण विणत होते आणि का, हा प्रश्न त्याला पडतोच असे नाही. इतरत्र हे काम बुरूड समाजाचे. कोकणात ते महार समाजाकडे होते, ही नोंद पुस्तकात आहे.

नेहमीची चूक कोणती?

बहुतेक निबंधांत आधी पुस्तकाचा सारांश येतो, मग मुलाखतीचा, शेवटी ‘यावरून प्रेरणा मिळते’ असे एक वाक्य. दोन सारांश एकाखाली एक लिहिले की सांगड होत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे गरिबीतून वर आलेल्या जिद्दी मुलीची गोष्ट तेवढी उरते आणि जात निबंधातून गळून पडते. ‘आयदान’पुरते बोलायचे तर गळते तेच पुस्तकाचे मर्म असते.

पुस्तक आणि मुलाखत यांत फरक काय?

आत्मकथनात काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि काय वगळायचे हे लेखिका ठरवते. मुलाखतीत दिशा प्रश्नकर्त्याच्या हाती असते. मधल्या काळात वाचकांच्या प्रतिक्रिया आलेल्या असतात, घरच्यांचे रागलोभ झालेले असतात आणि संपादकाची कात्रीही चालते. म्हणून मुलाखतीतले विधान वापरताना ते कोणत्या वर्षीचे, कोणी विचारल्यावरचे, हे निबंधात सांगायलाच हवे.

पुस्तकात नसलेल्या गोष्टीही नंतर घडतात. महाराष्ट्र साहित्य परिषदेने ‘आयदान’ला दिलेला लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार पवार यांनी 2004 मध्ये नाकारला. समारंभाची सुरुवात सरस्वतीवंदनेने होण्याला त्यांची हरकत होती. 2003 च्या पुस्तकात हे सापडणे शक्यच नाही. पुस्तकातली लेखिका समजून घ्यायला मात्र ते उपयोगी पडते.

मग मांडणी कशी करावी?

आधी एक प्रश्न ठरवावा. उदाहरणार्थ, आईचे विणणे आणि मुलीचे लिहिणे यांचे नाते काय? मग वहीत तीन रकाने आखावेत : पुस्तक काय सांगते, मुलाखत काय सांगते, दोन्हींत अंतर कुठे आहे. निबंधाचे परिच्छेद तिसऱ्या रकान्यातून काढावेत. दोन्हींत विसंगती दिसली तर ‘लेखिका खोटे बोलते’ असा निकाल देण्याची घाई नको. आठवण वयाबरोबर बदलते. ती का बदलली असावी, याचा पुराव्याने शोध घेणे हेच विद्यार्थ्याचे काम. लेखिकेचे शब्द अवतरणात आणि आपला निष्कर्ष अवतरणाबाहेर, ही शिस्तही पाळायला हवी.

लेखिकेकडूनच धडा

पवार स्वतः मुलाखती घेणाऱ्या आहेत. मीनाक्षी मून यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 मध्ये आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांना बोलते करून ते उभे राहिले. कागदपत्रांत ज्यांची नावे क्वचितच होती, त्यांचे तोंडी सांगणे इथे इतिहासाचे साधन झाले. त्यामुळे मुलाखतीला पुस्तकापेक्षा हलके समजण्याचे कारण नाही.

शिक्षकांची जबाबदारी

मोबाइलवर तयार सारांश क्षणात मिळतो. सारांशालाच गुण दिले तर विद्यार्थी तोच उतरवणार. गुण प्रश्नाला, तुलनेला आणि स्रोत नीट सांगण्याला द्यावेत. बांद्याच्या वाचनालयातून पुस्तक मिळवावे, मुलाखत पूर्ण ऐकावी आणि गावात आजही सूप विणणारे कोणी असेल तर आदराने त्यांच्याशी बोलावे. तसे केलेल्या विद्यार्थ्याचा निबंध चार पानांचा असला तरी त्यात त्याचे स्वतःचे म्हणणे असेल, आणि ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांच्यावर अन्यायही होणार नाही.