खुंटी हलवून बळकट

पावसाळ्याआधी एखाद्या सकाळी गल्लीत तीन-चार माणसे येतात. एकाच्या खांद्यावर तिपाई, दुसऱ्याच्या हातात काळे-तांबडे आकडे रंगवलेली दोन पुरुष उंचीची पट्टी, तिसऱ्याजवळ लोखंडी खुंट्या, हातोडा आणि रंगाचा डबा. पोरे भोवती जमतात, ‘काका, शूटिंग आहे का?’ म्हणून विचारतात. तासाभरात कुणाच्या फाटकाच्या खांबावर, कुणाच्या कुंपणाच्या भिंतीवर लाल बाण आणि काही आकडे उमटतात. माणसे निघून जातात. आपण पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. काम काही सुरू झालेले नाही अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या रस्त्याची आणि शेजारच्या गटाराची निम्मी कुंडली तेवढ्यात मांडून झालेली असते.

या माणसांना दोनच गोष्टी ठरवायच्या असतात : काम कुठे आणि किती उंचीवर. पहिलीसाठी रस्त्याच्या मध्यरेषेवर साधारण वीस किंवा तीस मीटरवर एकेक खुंटी ठोकतात. वळणावर ती जवळजवळ येते. पण मधली खुंटी खोदाईच्या पहिल्याच दिवशी उखडली जाणार हे उघड आहे. म्हणून जाणता माणूस तिची एक जोडीदारीण बाजूला, खोदाईच्या हद्दीबाहेर ठोकतो आणि दोघींमधले अंतर वहीत लिहून ठेवतो. मधले सारे नाहीसे झाले तरी या साक्षीदार खुंटीवरून ते पुन्हा उभे करता येते. आपल्या फाटकावरचा लाल बाण हा बहुधा असाच एक साक्षीदार असतो.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ती अधिक नाजूक. उंची ही नेहमी कशापासून तरी मोजावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणी समुद्राची सरासरी पातळी धरून देशभरच्या उंचीच्या खुणांचा मेळ १९०९ मध्ये घातला. जुन्या सरकारी इमारतींच्या जोत्यावर, पुलांच्या कठड्यांवर अशा खुणा कोरलेल्या असतात. मुंबई महापालिकेने आपल्या कामांसाठी टाऊन हॉलचा आधार धरला. अशा पक्क्या खुणेपासून निघायचे आणि दुर्बिणीतून पट्टी वाचत वाचत आपल्या गल्लीपर्यंत उंची आणायची.

या कामाची वही पाहिली की माझ्यातला बँकवाला सुखावतो. मागे पाहून घेतलेल्या वाचनांचा एक रकाना, पुढे पाहून घेतलेल्यांचा दुसरा. दोन्ही बेरजांतला फरक आणि पहिल्या-शेवटच्या उंचीतला फरक सारखा आलाच पाहिजे. आमच्या रोजमेळासारखेच. पण बेरीज जुळली म्हणजे व्यवहार खरा ठरतो असे नाही, हेही बँकेत नोकरी केलेल्यास सांगावे लागत नाही. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडली तरी बेरीज जुळतेच! तिथे रोकड मोजावी लागते. इथे मोजत मोजत पुन्हा मूळ खुणेवर परतावे लागते. निघताना होती तीच उंची परतल्यावर मिळाली, तरच वही खरी. आपल्या पूर्वजांनी याला ‘खुंटी हलवून बळकट करणे’ म्हटले आहे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? गटाराचा हिशेब पाहावा. दोनशेला एक असा उतार धरला, तर शंभर मीटरमध्ये गटार अवघे पन्नास सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे दहा सेंटिमीटरची चूक ही वीस मीटर लांबीचा सारा उतार गिळून टाकते. सांडपाणी सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर वेगाने वाहिले तर आपला गाळ आपण वाहून नेते; संथ झाले की गाळ तिथेच बसतो, आणि मग दर महिन्याला तक्रार, दर महिन्याला बांबू. रस्त्याचेही तेच. सात मीटर रुंदीच्या रस्त्याला अडीच टक्के उतार दिला, तर त्याचा मध्य कडेपेक्षा जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर उंच असतो. पाणी रस्त्याच्या पोटात मुरणार की कडेला जाणार, हे त्या वीतभरही नसलेल्या उंचीवर ठरते.

हा उतार साधण्याची जुनी युक्ती मोठी सुंदर आहे. चरावर दोन ठिकाणी, ठरलेल्या उंचीवर आडव्या फळ्या बसवायच्या. मजुराने चरात टी आकाराची मापाची काठी धरायची. दोन फळ्या आणि काठीचा माथा एका नजरेत आले की तळ बरोबर. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चूक दिसते. आणि काम सुरू करायचे ते सखल टोकाकडून. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी पुण्याच्या हौदांत आणले. पंप नव्हता, वीज नव्हती. उतार तेवढा बरोबर होता.

मग आज दर पावसाळ्यात तळमजल्यावरच्या घरांत पाणी का शिरते? घरकर्जाचे हप्ते आम्ही टप्प्याटप्प्याने देत असू. जोते पूर्ण झाल्याची खात्री करायला मी कितीतरी घरांवर गेलो आहे. मालक अभिमानाने दाखवीत : रस्त्यापासून तीन पायऱ्या वर घेतले आहे, पाण्याची भीती नाही. त्यांतल्या काही घरांत आज रस्त्यावरून खाली उतरावे लागते. घर खचलेले नाही. रस्ता चढला आहे. जुन्या डांबरावर चार सेंटिमीटरचा नवा थर, असे चार वेळा झाले की सोळा सेंटिमीटर, म्हणजे घराची एक पायरी गेली. त्यावर काँक्रीट आले की उरलेल्या दोन गेल्या. पै पै साठवून बांधलेल्या घराची उंची अशी परस्पर काढून घेतली जाते, आणि कुठल्याही पासबुकात त्याची नोंद होत नाही. म्हातारी माणसे पलंगाचे पाय विटांवर चढवून पावसाळा काढतात.

सगळा दोष खुंट्यांवर टाकणे अर्थात अन्यायाचे होईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने आखलेली, तिची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली. असा पाऊस कोणत्याही मोजमापाला पुरून उरतो. पण दरसाल साध्या सरीने घरात येणारे पाणी हे आभाळाचे नाही. ते चुकलेल्या किंवा मुळात न पाहिलेल्या पातळीचे आहे.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. बागेची कड वाचावी म्हणून खुंटी हातभर सरकवणारे सद्गृहस्थ प्रत्येक वसाहतीत असतात. खेड्यात याला बांध कोरणे म्हणतात. शहरात त्याला नाव नाही एवढेच. मोटार आत घेण्यासाठी फाटकासमोर सिमेंटचा उतार करून गटार बुजवणारेही आपल्यातलेच. वरच्या घराने गटार बुजवले की खालच्या घरात पाणी शिरते, हे शेजारधर्माचे गणित आपण शिकलेलो नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. कामाच्या ठिकाणी ठेकेदाराचे नाव, खर्च आणि मुदत सांगणारा फलक लावतात. त्यावर आणखी एक ओळ असावी : तयार रस्त्याची पातळी किती, आणि ती दोन्ही कडांच्या जोत्यांपेक्षा किती खाली. प्रत्येक वॉर्डात उंचीची एक पक्की खूण असावी, जी रस्ता कितीदाही खणला तरी हलणार नाही. जुना थर खरवडणारी यंत्रे आज आहेत. खरवडल्याशिवाय नवा थर टाकू नये. आणि खोदाईआधी खुंट्यांची फेरतपासणी रहिवाशांच्या देखत व्हावी. आज उपकरणे उपग्रहांशी बोलतात, उंची पडद्यावर उमटते. पण आरंभाची खूणच चुकीची धरली तर यंत्र तीच चूक अधिक वेगाने गल्लीभर पसरवील.

रस्ता झाल्यावर मोर्चा काढण्यात, अर्ज देण्यात आपण वाकबगार आहोत. तोवर काँक्रीट वाळलेले असते. खुंटी ठोकली जात असते तेव्हा मात्र एका प्रश्नाने काम भागते : ‘साहेब, हा रस्ता आमच्या उंबऱ्यापेक्षा किती खाली राहील?’ उत्तर मिळाले की ते कागदावर लिहून घ्यावे, खाली तारीख घालावी आणि सही मागावी.