पेट्रोल की डिझेल यावर भांडताय, मागच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का ते बघा

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर रात्री जेवणानंतर वाचा, पण वाचा.

मागच्या आठवड्यात एका पोराने मला विचारलं, "दादा, पिकअप घ्यायचीय, पेट्रोल घेऊ का डिझेल?" मी ते सहज इथे टाकलं, तर खाली नुसती जत्रा भरली. निम्मे म्हणतात डिझेलशिवाय ओढच नाही. निम्मे म्हणतात डिझेलचं आता काही खरं नाही, सरकार बंद करणार. एक भाऊ तर अमेरिकेतल्या भल्यामोठ्या पिकअपचा व्हिडिओ टाकून गेला, मागे घराएवढी ट्रॉली लावून डोंगर चढणारा, आणि खाली लिहिलं, "याला म्हणतात डिझेल."

एकोणीस वर्षं कराड-विटा रोडला गॅरेज चालवतोय. दोन्ही इंजिनं उघडून बघितलीत, म्हणून बोलायचा थोडा अधिकार समजतो. आणि स्पष्ट बोलणार आहे, राग आला तर येऊ दे.

आधी डिझेलवाल्यांचं. तुमचं म्हणणं खोटं नाही. डिझेल इंजिनात हवा पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त दाबली जाते, त्यामुळे कमी फेऱ्यांतच जोर मिळतो. दीड-दोन हजार आरपीएमला गाडी भरलेला माल घेऊन निघते, हाफ क्लचवर रडत नाही. वर एक लिटर डिझेलात एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. कराडातून भाजी भरून रोज कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणाऱ्याने पेट्रोल गाडी घेतली तर तो वर्षभरात माझ्याकडे क्लचप्लेट बदलायला येतो. येतोच.

पण भावांनो, तुमच्यातले किती जण रोज घाट चढतात?

माझ्या चुलतभावाच्या पोराचं सांगतो. दूध गोळा करायची लाईन. सकाळी अठरा किलोमीटर, संध्याकाळी अठरा, दर अर्ध्या किलोमीटरला थांबा. सगळ्यांनी सांगितलं डिझेल घे, शोरूमवाल्यानेही तेच सांगितलं. घेतली. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलंय, त्यामुळे आताच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. ती काजळी जाळायला गाडी चांगली तापून बराच वेळ एका लयीत पळावी लागते. वाडी-वस्तीवर चालू-बंद करत फिरणाऱ्या गाडीत ते कधी होणार? आठव्या महिन्यात दिवा लागला, गाडीने ताकद सोडली. मी सांगितलं तिला हायवेला घेऊन जा, तोवर उशीर झाला होता. वर्कशॉपने दोन हप्त्यांएवढं बिल केलं. शोरूममध्ये विचारायला गेला तर उत्तर मिळालं, "पुस्तकात लिहिलंय." पोरगं बारावी शिकलेलं, पुस्तक इंग्रजीत. गाडी विकताना चहा पाजून सगळं मराठीत सांगता, मग हे एक वाक्य मराठीत सांगायला काय जात होतं?

आता हिशोब. समजा डिझेल गाडी व्याजासकट दीड लाखाने महाग पडली. पेट्रोल 104 रुपये आणि 14 चं ॲव्हरेज, डिझेल 91 रुपये आणि 17 चं ॲव्हरेज. म्हणजे किलोमीटरला सात रुपये त्रेचाळीस पैसे विरुद्ध पाच रुपये पस्तीस पैसे. वाचले दोन रुपये आठ पैसे. दीड लाख वसूल व्हायला 72 हजार किलोमीटर लागतात. रोज 200 पळणाऱ्याचे सव्वा वर्षात वसूल. रोज 40 पळणाऱ्याला सहा वर्षं लागतात, तोवर गाडीचे हप्ते संपून फाळका गंजलेला असतो. तुमचे आकडे घाला, कागदावर मांडा, मगच बुकिंगला जा. 2012 च्या आसपास पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरला तीस रुपयांपर्यंत फरक होता, तेव्हा डोळे झाकून डिझेल घेणारा शहाणा होता. तो काळ गेला. 2014 ला डिझेलचे भावही मोकळे झाले. आपल्या काकालोकांचा सल्ला मात्र अजून तिथेच आहे.

पेट्रोलवाल्यांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत. पुण्यात बसून "डिझेल म्हणजे प्रदूषण, गावाकडच्यांनी आता बदलायला हवं" लिहिणाऱ्यांना विचारतो, तुमच्या सोसायटीत सकाळी सातला येणारी कोथिंबीर कशावर बसून येते? आणि पेट्रोल तरी आता निव्वळ कुठे राहिलंय. पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ॲव्हरेज थोडं पडणारच, सरकारही ते नाकारत नाही. दर मात्र तोच. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, ते आपल्याच उसातून निघतं, बिलं वेळेवर मिळायला त्याची मदत होते. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर दुसरा पर्याय ठेवायचा नाही आणि वर त्याच्या रबरी नळ्या-पॅकिंगचं काय झालं तेही विचारायचं नाही, हे बरोबर नाही.

हे झालं ओढण्याचं. आता थांबवण्याचं, कारण त्यासाठीच ही पोस्ट लिहायला घेतली.

डिझेल ओढतं म्हणून आपण त्याच्यावर खूश. पण उताराला काय होतं ते ऐका. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलेटर सोडला की हवेची वाट बंद होते, इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचतं. डिझेलात बहुतेक ठिकाणी तशी झडप हवा अडवत नाही, म्हणून ते तेवढं रोखत नाही. त्यासाठीच मोठ्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक देतात. आणि आपला ड्रायव्हर काय करतो? उतार आला की न्यूट्रल! डिझेल वाचवतो म्हणे. 2022 च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.

ते लांबचं झालं. आपल्या दारातलं बोलू.

हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यावर काय येतं? एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्हीत मिळून पंधरा-वीस टन ऊस. हेडचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना ब्रेक? माझ्या गॅरेजसमोरून गेल्या हंगामात गेलेल्या ट्रॉल्यांपैकी चालू ब्रेक असलेल्या मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजल्या. म्हणजे दोन टनांचं जनावर मागच्या वीस टनांना थांबवणार! चढाला पुढची चाकं उचलतात त्याचे आपण रील काढतो, वर गाणं लावतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागे ना रिफ्लेक्टर, ना दिवा. टायर फुटला की ट्रॉली तिथेच रस्त्यात, चाकाला दगड लावून रात्रभर उभी. दोन हंगामांपूर्वी आमच्या ओळखीतलं एक पोरगं रात्री साडेअकराला अशाच उभ्या ट्रॉलीवर गेलं. मोटारसायकल माझ्याकडेच आणली होती, विमावाल्याला दाखवायला. तिच्या हँडलला दुसऱ्या दिवशीच्या पूजेचं सामान अडकवलेलं तसंच होतं.

ज्या अमेरिकेचे व्हिडिओ टाकता तिथे बहुतेक राज्यांत साधारण दीड टनाच्या आसपास वजन गेलं की ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ते व्हिडिओत दिसत नाही, इंजिनाचा आवाज तेवढा ऐकू येतो.

ट्रॅक्टर ड्रायव्हरला शिव्या देऊन मोकळं व्हायचं नाही. त्याला खेपेवर पैसे मिळतात, वाहतूक टनावर मोजतात, गव्हाणीबाहेर नंबर लागायला रात्र-रात्र जाते. एकाच खेपेत दोन खेपांचं भरलं तरच त्याचं भागतं. ट्रॉलीवाल्यानेही उचल घेतलेली असते. मग कुणाच्या हातात आहे? कारखान्याच्या. प्रत्येक खेपेचं वजन काट्यावर किलोपर्यंत नोंदवलं जातं. कोणत्या ट्रॅक्टरने कोणत्या तारखेला किती जास्त ओढलं, हे कुठल्याही सीसीटीव्हीपेक्षा पक्कं लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार लिहिलेत. आरटीओला नाक्यावर उभं राहायचीही गरज नाही, काट्याचं रजिस्टर मागवलं तरी पुरे. का मागवत नाहीत, ते तुम्हीही जाणता, मीही जाणतो.

हंगामाआधी वाहतुकीचे करार होतात. त्यात दोन ओळी घाला: ट्रॉलीला चालू ब्रेक आणि मागे रिफ्लेक्टर-दिवा असल्याशिवाय गेटपास नाही, ब्रेक बसवायचा खर्च वाहतूकदाराच्या उचलीत न धरता कारखान्याने निम्मा सोसायचा. सभासद म्हणून वार्षिक सभेत हा विषय मांडायला मी लेखी पत्र देतोय. पत्राची एक प्रत गॅरेजवर ठेवलीय, ज्यांच्याकडे शेअर आहे त्यांनी येऊन सही करावी. सकाळी नऊ ते रात्री आठ, गुरुवारी बंद.

आणि त्या पोराला उत्तर. बाळा, तू मसूर ते कराड भाजी नेणार, दिवसाला पन्नास किलोमीटर, सपाट रस्ता. पेट्रोल-सीएनजीवाली बघ. उद्या चिपळूणची लाईन मिळाली तर ये, तेव्हा डिझेलचं बोलू.