राउटरची जागा आपण ठरवायची
नव्या घरात देव्हारा कुठे, टीव्ही कुठे यावर आठवडाभर खल होतो. राउटर कुठे, हे मात्र कनेक्शन द्यायला आलेला मुलगा पाच मिनिटांत ठरवतो. त्याच्या सोयीची जागा म्हणजे वायर जिथून आत येते ती, दाराजवळची. मग निम्मं वाय-फाय जिन्याला आणि मागच्या खोलीतली ऑनलाइन मीटिंग अडकलेली. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण आरसीसीच्या भिंतीपुढे लवकर दमतो, २.४ चा लांब पोचतो, पण वेग कमी. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, जरा उंच आणि मोकळा हवा. टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात नको. तिथपर्यंत न्यायची कनेक्शनची वायर, म्हणजे फायबर, काचेची असते. ती काटकोनात दुमडली तर आतला प्रकाश गळतो, म्हणून कोपऱ्यावर तिला गोलसर वळण द्यावं. ती आतपर्यंत नेता येत नसेल, तर फायबरचा डबा दाराशीच ठेवून तिथून लॅनची वायर राउटरपर्यंत न्यावी. ती १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. या वायरसाठी रंगकामाआधी भिंतीत एक रिकामा पाइप आणि त्याच्या टोकाला प्लग पॉइंट करून घ्या. आणि ड्रिल सुरू होण्याआधी जागेवर पेन्सिलची खूण करा. जास्तीच्या वायरचे पैसे मागितले, तर खुशाल द्या.