विश्लेषण : धर्मस्थळांच्या सुरक्षेसाठी अमेरिकी सरकारचे अनुदान… पण ते गरजूंपर्यंत पोहोचते का?

अमेरिकेतील सिनेगॉग, चर्च, मशीद, मंदिर किंवा गुरुद्वारा यांपैकी कोणालाही कॅमेरे बसवायला, दरवाजे मजबूत करायला किंवा सुरक्षारक्षक नेमायला केंद्र सरकारकडे अनुदान मागता येते. २००५ मध्ये अडीच कोटी डॉलरवर सुरू झालेली ही योजना वीस वर्षांत दहापटीहून अधिक मोठी झाली. तरीही अर्ज करणाऱ्या अनेक संस्थांच्या हाती काहीच लागत नाही आणि ज्यांना मंजुरी मिळते त्यांनाही आधी स्वतःचा खिसा रिकामा करावा लागतो. २०२५ मध्ये तर योजनेच्या अटींवरूनच वाद पेटला.

योजना नेमकी काय आहे?

‘नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम’ असे या योजनेचे नाव. होमलँड सिक्युरिटी विभागाच्या अखत्यारीतील ‘फेमा’ ही आपत्ती व्यवस्थापन संस्था ती राबवते. दहशतवादी किंवा अतिरेकी हल्ल्याचा धोका असलेल्या ना-नफा संस्थांसाठी ही मदत आहे. त्यात धर्मस्थळांबरोबर शाळा, रुग्णालये, समाजकेंद्रे आणि संग्रहालयेही येतात. अनुदानातून कॅमेरे, कुलूपबंद प्रवेशव्यवस्था, गाडी घुसवता येऊ नये म्हणून लावायचे खांब, दिवे, प्रशिक्षण आणि कंत्राटी सुरक्षारक्षक यांचा खर्च भागवता येतो. शस्त्रे घेता येत नाहीत. सुरुवातीला मोठ्या शहरी भागांपुरती असलेली योजना २०१८ पासून उर्वरित भागांतही लागू झाली.

निधी का वाढत गेला?

प्रत्येक वाढीमागे एखादा हल्ला आहे. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वाऱ्यात एका वंशवाद्याने गोळीबार केला. त्यात सहा जणांचा मृत्यू झाला, तर तेव्हा जखमी झालेले सातवे गृहस्थ २०२० मध्ये दगावले. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नऊ जण मारले गेले. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये ११ जणांची हत्या झाली.

२०१९ मध्ये सहा कोटी डॉलर असलेला निधी २०२० मध्ये नऊ कोटी, २०२१ मध्ये १८ कोटी, २०२२ मध्ये २५ कोटी आणि २०२३ मध्ये ३०.५ कोटी डॉलरवर गेला. इस्रायल-हमास युद्ध सुरू झाल्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या कामासाठी आणखी सुमारे ४० कोटी डॉलर मंजूर केले. मे २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधील ज्यू संग्रहालयाबाहेर इस्रायली दूतावासाच्या दोन कर्मचाऱ्यांची हत्या झाली, तेव्हा ज्यू संघटनांनी वर्षाला १०० कोटी डॉलरची मागणी केली.

या खर्चाने खरेच जीव वाचतात का?

टेक्सासमधील कॉलीव्हिलचे उदाहरण याबाबत नेहमी दिले जाते. १५ जानेवारी २०२२ च्या थंडीत एक अनोळखी माणूस तेथील सिनेगॉगच्या दारात आला. त्याला आसरा हवा असावा असे समजून रबाय चार्ली सायट्रन-वॉकर यांनी त्याला आत घेतले, चहा करून दिला. थोड्या वेळाने त्याने पिस्तूल काढून चौघांना ओलीस धरले. सुमारे ११ तासांनी सायट्रन-वॉकर यांनी त्याच्यावर खुर्ची भिरकावली आणि आत उरलेले तिघे बाहेर पळाले. सगळे ओलीस वाचले. आपण वाचलो ते आधी घेतलेल्या सुरक्षा प्रशिक्षणामुळे, असे त्यांनी नंतर सांगितले आणि या अनुदानासाठी काँग्रेससमोर साक्षही दिली.

या घटनेची दुसरी बाजूही आहे. तो माणूस खिडकी फोडून घुसला नव्हता, त्याच्यासाठी दार उघडले गेले होते. थंडीने काकडत आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणे कोणत्याच धर्माला शोभत नाही. कॅमेरा आणि कुलूप विकत घेता येते. दारात आलेल्या माणसाचे काय करायचे, हे शेवटी आतल्या माणसालाच ठरवावे लागते. म्हणूनच यंत्रांइतकेच प्रशिक्षणही महत्त्वाचे, असे या क्षेत्रातील लोक सांगतात.

अनुदान मिळते कसे?

संस्था थेट फेमाकडे अर्ज करू शकत नाही. आधी इमारतीची सुरक्षा तपासणी करून त्रुटींचा अहवाल तयार करावा लागतो. मग धोका काय आहे, कोणती उपाययोजना हवी, किती खर्च येईल याचे सविस्तर निवेदन राज्याच्या यंत्रणेकडे द्यायचे. राज्य अर्जांना गुण देते आणि पुढे पाठवते. श्रद्धा किंवा विचारसरणीमुळे धोका असलेल्या संस्थांच्या गुणांना फेमा तीनने गुणते, वैद्यकीय आणि शैक्षणिक संस्थांच्या गुणांना दोनने. २०२४ पर्यंत एका जागेसाठी कमाल दीड लाख डॉलर मिळत. पुढे ही मर्यादा दोन लाखांवर नेण्यात आली. स्पर्धा इतकी वाढली, की अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून अधिक अर्ज नाकारले गेले.

मग अडचण कुठे आहे?

मंजुरी मिळाली म्हणजे पैसे मिळाले असे नाही. ही योजना प्रामुख्याने प्रतिपूर्तीवर चालते. म्हणजे संस्थेने आधी खर्च करायचा, पावत्या जोडायच्या आणि मग पैसे परत मिळण्याची वाट पाहायची. बांधकामात बदल करायचा असेल तर त्याआधी पर्यावरण आणि वारसा जतनाच्या नियमांची परवानगीही घ्यावी लागते.

ज्या संस्थेकडे पगारी व्यवस्थापक, वकील आणि बँकेत शिल्लक आहे, तिला हे जमते. भाड्याच्या जागेतील लहान मशीद, स्वयंसेवकांवर चालणारा गुरुद्वारा किंवा गावाबाहेरचे छोटे चर्च यांच्यासाठी लाखभर डॉलर आधी उभे करणे हाच मोठा अडथळा असतो. त्यांना असलेला धोका मात्र संस्थेचा आकार पाहून कमी होत नाही. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना काही वर्षी जादा गुण दिले गेले, पण त्याने आधी पैसे घालण्याची अट सुटत नाही.

या पद्धतीतला धोका मार्च २०२५ मध्ये उघड झाला. फेमाने अनुदानांची फेरतपासणी सुरू केली आणि देयके रखडली. सरकारी मंजुरीच्या भरवशावर काम उरकलेल्या संस्थांचे पैसे अडकले.

धर्मनिरपेक्ष सरकारने धर्मस्थळाला पैसे द्यावेत का?

अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कोणताही धर्म पुरस्कृत करण्यास मनाई करते. या अनुदानाचे समर्थन असे केले जाते, की ते पूजेसाठी नसून सुरक्षेसाठी आहे आणि सर्व धर्मांना तसेच धर्माशी संबंध नसलेल्या संस्थांनाही खुले आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीतील एका चर्चच्या शाळेच्या मैदानासंबंधीच्या खटल्यात, केवळ धार्मिक संस्था आहे म्हणून सार्वजनिक लाभ नाकारता येणार नाही, असा निकाल दिला होता.

म्हणजे या योजनेचा कायदेशीर पाया समान वागणुकीवर उभा आहे. २०२५ मधील वादांनी नेमका तोच हलवला.

२०२५ मध्ये वाद कशावरून झाला?

वादाची कारणे दोन. होमलँड सिक्युरिटी विभागाने आपल्या अनुदानांच्या सर्वसाधारण अटींमध्ये स्थलांतरितांवरील कारवाईत सहकार्य करण्याची अट घातली. स्थलांतरितांना आसरा देणे हे धर्मकार्य मानणाऱ्या संस्थांसमोर त्यामुळे पेच उभा राहिला, की सुरक्षा घ्यायची की आपले तत्त्व पाळायचे. राज्यांनी या अटींना आव्हान दिले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ऱ्होड आयलंडच्या संघराज्य न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

दुसरे कारण लाभार्थ्यांच्या निवडीचे. जून २०२५ मध्ये विभागाने ५१२ ज्यू संस्थांना ९.४४ कोटी डॉलर जाहीर केले. त्यानंतर कथित अतिरेकी संबंधांचे कारण देऊन सुमारे ८० लाख डॉलरचे ४९ प्रकल्प रद्द केले. त्याचा फटका मुस्लीम संस्थांना बसला आणि त्यांच्या संघटनांनी हे आरोप फेटाळले. गैरवापर रोखणे सरकारचे कामच आहे. पण कारवाईचे पुरावे आणि निकष जाहीर नसतील, तर संरक्षण कोणाला मिळणार हे सत्तेतील पक्षावर ठरते, अशी शंका घ्यायला जागा राहते.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

भारतीयांची धर्मस्थळेही लक्ष्य होत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील नेवार्क येथील स्वामीनारायण मंदिराच्या भिंतीवर भारतविरोधी घोषणा रंगवण्यात आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मेलव्हिल आणि मार्च २०२५ मध्ये चिनो हिल्स येथील बीएपीएस मंदिरांची विटंबना झाली. ना-नफा म्हणून नोंदणी असलेली मंदिरे या अनुदानासाठी अर्ज करू शकतात.

महाराष्ट्र मंडळांची गोष्ट थोडी वेगळी. हे अनुदान ठरावीक पत्त्यावरील वास्तूशी बांधलेले असते. शाळेचे सभागृह एका दिवसासाठी भाड्याने घेऊन गणेशोत्सव करणाऱ्या मंडळाला त्याचा उपयोग जवळपास नाहीच.

दुसरा मार्ग आहे का?

ब्रिटनमध्ये मशिदी आणि इतर प्रार्थनास्थळांसाठीच्या योजनांत सरकारने नेमलेला कंत्राटदार कॅमेरे आणि अलार्म बसवून देतो. संस्थेला आधी रक्कम उभी करावी लागत नाही. अमेरिकेत काही रक्कम आगाऊ देणे, लहान संस्थांना अर्जासाठी मदत पुरवणे आणि मंजूर अनुदान रद्द करताना लेखी कारण देणे, एवढ्या गोष्टींनीही बराच फरक पडेल. नुसता निधी दुप्पट केला आणि नियम तेच ठेवले, तर कागदपत्रांत तरबेज असलेल्या संस्थाच आणखी सुरक्षित होतील.