'अंगठा लागत नाही' म्हणजे नेमकं काय बिघडतं?

२८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी यवतमाळमधून पीएम-किसानचा १६वा हप्ता सोडला. देशभरातल्या शेतकऱ्यांसाठी २१ हजार कोटींहून जास्त रक्कम, थेट खात्यात. पण खात्यातले २ हजार रुपये हातात यायचे, तर बँकेची शाखा गाठा, नाहीतर गावातला बँक मित्र.

बँक मित्राकडे काय असतं? बऱ्याचदा एक अँड्रॉइड फोन, एक ओटीजी केबल आणि अंगठा घेणारा छोटा स्कॅनर. आणि एक ठरलेलं वाक्य: "मावशी, अंगठा लागत नाही, उद्या या." कापूस वेचणीच्या दिवसांत 'उद्या या' म्हणजे एक रोज बुडाला.

आता गंमत बघा. 'अंगठा लागत नाही' म्हटलं की दोष मावशीच्या बोटावर जातो. पण बोट आणि पैसे यांच्यामध्ये चार-पाच टप्पे आहेत, आणि अडकायला त्यातला कुठलाही पुरतो.

पहिला टप्पा केबल. अँड्रॉइड ३.१ पासून, म्हणजे २०११ पासून, फोनला यूएसबी उपकरण जोडून अ‍ॅपमधून ते चालवता येतं. स्कॅनर जोडला की फोन त्याचा कंपनी क्रमांक आणि मॉडेल क्रमांक वाचतो आणि 'या अ‍ॅपला परवानगी द्यायची का?' असं विचारतो. घाईत 'नाही' दाबलं तर तिथंच संपलं. स्कॅनरला स्वतःची बॅटरी नसते, तो फोनचीच वीज खातो. ओपो, वनप्लससारख्या काही फोनमध्ये तर ओटीजी दहा मिनिटं वापरलं नाही की आपोआप बंद होतं. रांगेत गप्पा रंगल्या की स्कॅनर मेला!

दुसरा टप्पा जास्त महत्त्वाचा. बँकेच्या अ‍ॅपला स्कॅनरशी थेट बोलायची मुभाच नाही. मध्ये 'आरडी सर्व्हिस' नावाचं वेगळं अ‍ॅप लागतं, ते स्कॅनर कंपनी देते. बँकेचं अ‍ॅप त्याला 'ठसा घे' सांगतं आणि ते ठसा कुलूपबंद करून परत देतं. हा द्राविडी प्राणायाम कशाला? कारण ठसा उघडा मिळाला तर कुणीही तो साठवून पुन्हा वापरू शकतो. साठवलेल्या ठशांवर व्यवहार झाल्याची तक्रार आधार प्राधिकरणानेच २०१७ मध्ये केली होती. जुन्या 'एल-झिरो' स्कॅनरमध्ये हे कुलूप फोनमधलं सॉफ्टवेअर लावायचं, नव्या 'एल-वन'मध्ये ते स्कॅनरच्या आतच लागतं. म्हणून जुने स्कॅनर बाद करायचं ठरलं. आरडी सर्व्हिसची मुदत संपली किंवा अपडेट राहिलं, तरी काम थांबतं.

मग बिघाड कुठे आहे हे कळायचं कसं? त्यासाठी कोड असतात. ७०० म्हणजे वेळेत ठसा मिळाला नाही. ७२० म्हणजे स्कॅनर तयार नाही. ७४० म्हणजे स्कॅनर पुन्हा सुरू करावा लागेल. ७२० आणि ७४० मध्ये मावशीच्या बोटाचा काहीएक संबंध नाही. ३०० आला, तर मात्र ठसा आधारच्या नोंदीशी जुळला नाही. आणि ३३० म्हणजे आधारधारकाने बायोमेट्रिक लॉक केलंय, ते एम-आधार अ‍ॅपवरून उघडता येतं.

३०० खोटा नसतो, हेही खरं. बोंडाच्या टोकदार कडांनी बोटं सोलतात, वयाबरोबर रेषा झिजतात, आणि यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात अशी बोटं घरोघरी आहेत. तेव्हा हात पुसून दुसरं बोट लावून बघायचं, कारण आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते. तरीही जमेना, तर आधार केंद्रावर ठसे अपडेट करून घ्यायचे. पीएम-किसानच्या ई-केवायसीला तर २०२३ पासून चेहऱ्याचाही पर्याय आहे.

खरी अडचण ही की काही अ‍ॅप हे कोड दाखवतच नाहीत. 'व्यवहार अयशस्वी' एवढं लिहून मोकळे. ७००, ७२०, ७४० हे कोड तर आरडी सर्व्हिसकडून अ‍ॅपपर्यंत पोचलेले असतात. '७२०'च्या जागी 'केबल काढून पुन्हा लावा' असं मराठीत दाखवायला डेव्हलपरला फार तर एक दुपार लागेल. तोवर घरच्या कुणाला 'उद्या या' ऐकावं लागलं, तर बँक मित्राला एवढंच विचारायला सांगा: "भाऊ, कोड कोणता आला?"