शून्य रुपयांचे तिकीट

प्रवासात वाहकाकडून झालेला अपमान बहुधा घरी आल्यावर, सायंकाळच्या भोजनासमयी सांगितला जातो. ऐकणारे हळहळतात, कोणीतरी ‘जाऊ द्या’ म्हणते आणि विषय तेथेच मिटतो. तरुण माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बसमध्ये चढतो. वृद्ध माणसाचे तसे नसते. ‘आता मला कोठे जायचे नाही’ असे तो म्हणू लागतो, आणि लेकीचे घर, तीर्थदर्शन, डोळ्यांची तपासणी असे एकेक मागे पडत जाते. म्हणून या अपमानास क्षुल्लक म्हणणे मला पटत नाही.

सवलतीने प्रवास करणाऱ्यांना तर तो अधिकच झोंबतो. राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे लागू केले. या सवलतींची भरपाई शासन महामंडळास देते. आजोबांच्या हाती पडणारे शून्य रुपयांचे तिकीट हे इतर तिकिटांइतकेच खरे तिकीट आहे. तेव्हा त्यांना कोणी ‘फुकटे’ म्हटले, तर तो शब्द असभ्य तर आहेच, शिवाय असत्यही आहे.

मात्र नियम सांगणे वेगळे आणि अपमान करणे वेगळे. ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच चालते. कोल्हापूरहून निपाणी-बेळगावकडे जाताना सीमेपलीकडील टप्प्याचे भाडे मागितले, किंवा वयाच्या पुराव्यासाठी ओळखपत्र पाहिले, तर वाहक आपले कर्तव्यच करीत असतो. त्यावर रुसणारे प्रवासीही आपल्यात कमी नाहीत! भरगच्च गाडीत वाट काढीत, सुट्या पैशांसाठी दहा जणांशी हुज्जत घालीत तो दिवस काढतो. त्याचा त्रागा समजू शकतो. पण त्याची झळ एखाद्या आजींनी का सोसावी?

तक्रार करायची तर गाडीत वाद वाढवू नये. चार लोकांसमोर कोणीच माघार घेत नाही. तिकीट जपून ठेवावे. त्यावर तारीख, वेळ आणि टप्पा छापलेला असतो. गाडीचा क्रमांक टिपून घ्यावा, वाहकाचा बिल्ला दिसला तर त्यावरील क्रमांकही घ्यावा. बिल्ला दिसला नाही तरी अडत नाही, कारण त्या फेरीवर कोण होते याची नोंद आगारात असतेच.

बहुतेक तक्रारी वाया जातात त्या शब्दांमुळे. ‘हल्ली सगळे उद्धट झाले आहेत’ यावर आगारप्रमुखाने चौकशी तरी कोणाची करावी? त्याऐवजी ‘अमुक तारखेस सकाळी साडेनऊच्या गाडीत माझ्या आईने ओळखपत्र दाखविल्यावरही वाहकाने तिला हे शब्द उच्चारले’ असे लिहून पुढे ते शब्द जसेच्या तसे द्यावेत. विशेषणे नकोत, वाहकाच्या घराण्याचा उद्धार तर मुळीच नको. शेजारी बसलेला सहप्रवासी साक्ष देण्यास तयार असेल तर त्याचे नाव त्याला विचारून लिहावे. अर्ज दोन प्रतींत करावा. एक आगारात द्यावी आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का व तारीख घेऊनच घरी परतावे.