महिन्यातला एक रविवार मोकळा

पुढच्या वर्षाचे कार्यक्रम ठरवायला इथल्या, न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी बसेल, तेव्हा माझी एक मागणी विचारात घ्यावी. महिन्यातल्या एका रविवारी मंडळाने काहीही ठेवू नये. कार्यक्रम नको, नाटकाची तालीम नको, समितीची झूमवरची बैठकही नको. लोकांना एकत्र आणण्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाने त्यांना घरी राहू द्यावे, हे अनेकांना उलटे वाटेल. म्हणून कारणे जरा सविस्तर मांडते.

आज गृहीत धरलेला रविवार आपल्या माणसांना मागून घ्यावा लागला होता. १८८० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत आणि त्यांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे तेव्हा ‘दीनबंधु’चे संपादक होते. त्यांनी १८८४ मध्ये कामगारांना एकत्र केले आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. म्हणजे रोजचे बारा तास काम मान्य होते, पण आठवड्यातला एक अख्खा दिवस आपला हवा, यावर ते अडून राहिले. रविवार हा खंडोबाचा वार, हेही गिरणगावातल्या माणसांना सांगावे लागत नव्हते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

या हकिकतीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकट्या कामगाराला रविवार घेता येत नव्हता. त्याने खाडा केला असता तर पगार कापला गेला असता, आणि गिरणी चालूच राहिली असती. गिरणी सगळ्यांसाठी एकदम बंद झाली, तेव्हाच प्रत्येकाला सुट्टी मिळाली.

आता इथला आपला शनिवार-रविवार पाहा. शनिवारी सकाळी मराठी शाळा, मग पोहणे, दुपारी बुद्धिबळ किंवा भरतनाट्यम. रविवारी कुमॉनच्या शिकवणीचा गृहपाठ, आठवड्याची भाजी, कपडे, कुणाचा तरी वाढदिवस, आणि जुलैपासून गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम. आईवडिलांना फोन करायचा तो एका क्लासवरून दुसऱ्या क्लासला जाताना, गाडीतूनच. भारतात तेव्हा संध्याकाळ झालेली असते आणि ते दुपारपासून त्या फोनची वाट पाहत असतात.

यातली एकेक गोष्ट घेतली तर तिच्याविरुद्ध बोलण्यासारखे काही नाही. मराठी शाळा हवीच. नाटकही हवे. पण आपण प्रत्येक गोष्ट सुटी सुटी तपासतो. अख्ख्या दिवसाचा हिशेब कुणी करत नाही. क्लासला शिक्षक असतो, फी असते, वर्षाअखेरीस प्रमाणपत्र असते. तालमीला दिग्दर्शक असतो. मोकळ्या दुपारच्या बाजूने बोलायला कुणीच नसते, त्यामुळे जागा करायची म्हटले की पहिली तीच जाते.

याची सगळ्यात मोठी किंमत भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मोजतात. त्यांना गाडी चालवता येत नाही, पायी जाऊन भेटावे असे कुणी जवळ नसते. सोमवार ते शुक्रवार ते मुलांच्या शनिवार-रविवारकडे डोळे लावून बसतात. आणि तो आला की गाडीच्या मागच्या सीटवर नातवाशेजारी बसून एका पार्किंगमधून दुसऱ्या पार्किंगमध्ये जातात. नातवाला त्यांच्याकडून जे मिळू शकते, जुन्या घराची माहिती, एखादा पत्त्यांचा डाव, नुसती मराठीतली बडबड, त्याला वेळापत्रकात खण नाही. आठवड्यातून दोन तास मराठी शाळेत शिकवलेली भाषा टिकायची तर ती अशाच बिनकामाच्या बोलण्यात टिकेल.

यावर मला दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की मोकळा दिवस दिला तर मुले तो फोनवरच घालवतील. काही घालवतील, हे मी नाकारत नाही. पण ज्या मुलाला रिकाम्या वेळात काय करायचे याची कधी सवयच झाली नाही, ते फोनकडेच वळणार. कंटाळा आल्यावर स्वतःहून काहीतरी शोधणे हेही मुलांनी शिकायला हवे, आणि त्याचा क्लास निघू शकत नाही.

दुसरे उत्तर असे की ज्याला विश्रांती हवी त्याने येऊ नये, मंडळाने का थांबावे? इथे गिरणीची गोष्ट पुन्हा लागू होते. एक कुटुंब तालमीला गेले नाही तर प्रवेश अडतो, बाकीचे खोळंबतात, आणि त्या कुटुंबाला अपराधी वाटते. सगळे एकदम थांबले तर कुणाचे काही अडत नाही. आपल्या न्यू जर्सीतच याचा दाखला आहे. बर्गन काउंटीत रविवारी कपड्यांची, फर्निचरची, विजेच्या उपकरणांची दुकाने बंद असतात आणि पॅरामसचे मोठमोठे मॉल शांत असतात. हा कायदा रद्द करावा का, असे १९९३ मध्ये मतदारांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी तो ठेवायचे ठरवले. कायद्याचे मूळ चर्चच्या रविवारात असले, तरी आज तिथले अनेक रहिवासी रस्त्यांवरची गर्दी एक दिवस तरी थांबते म्हणून त्याची बाजू घेतात. खरेदी शनिवारी उरकते.

मंडळाच्या कामाचेही असेच होईल. तालमी थोड्या आधी सुरू कराव्या लागतील, एखादा कार्यक्रम कमी करावा लागेल. मला तो सौदा मान्य आहे. त्या रविवारी दोन आठवडे आधी न ठरवता एकमेकांच्या घरी जाता यावे. गेलेल्याला चहा मिळेल एवढीच अपेक्षा, जेवणाचा बेत नाही.

सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे तो असा: प्रत्येक महिन्याचा दुसरा रविवार मंडळाच्या वेळापत्रकात ‘मोकळा’ असा छापावा. कोरा सोडला तर कुणीतरी तो भरेल, म्हणून शब्द छापलेला हवा. ऑगस्ट-सप्टेंबरचा अपवाद करावा, अशी सूचना नक्की येईल. तिला माझा विरोध राहील, कारण सगळ्यात जास्त दमलेली माणसे मला त्याच दोन महिन्यांत दिसतात.